क्रोम बंपर म्हणजे 1974 च्या आधीची एमजीबी, हे खरं नाही

ठाण्या-मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारबद्दल एक मेसेज फिरतोय: "एमजीबीला क्रोमचा बंपर असेल तर गाडी 1974 च्या आधीची, डोळे झाकून घ्या."

कारखान्यापुरतं ते जवळपास बरोबर आहे. अमेरिकेच्या नियमांमुळे 1974 च्या उत्तरार्धात जाड काळे बंपर आले आणि गाडीची उंचीही वाढली. पण अनेक मालकांना ते ध्यान आवडलं नाही, त्यांनी क्रोमचे बसवून घेतले. त्याचे तयार सुटे भागही मिळतात.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात परवाच अशी चकचकीत लाल गाडी पाहिली. सीटमागचं झाकण उचललं तर आत बॅटरीचा एकच कप्पा! जुन्या गाड्यांत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, म्हणून कप्पे दोन; एकच कप्पा म्हणजे गाडी काळ्या बंपरच्या काळातली. बॅटरी मोजू नका, ती कोणीही बदलतो; कप्पे मोजा.

चासी नंबरही बघा. उघड्या टपाच्या गाडीवर 'जीएचएन3' असेल तर ती 1967 च्या आसपासची किंवा आधीची. मात्र 'जीएचएन5' 1969 पासून 1980 पर्यंत चालला, त्यामुळे पुढचे आकडे कंपनीच्या नोंदींशी ताडावेच लागतात. एमएच-04 च्या पाटीवरून तर काहीच कळत नाही.

व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं लागतात, तेव्हा दोन वर्षांच्या फरकानेही घोळ होतो. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.