सापाची पिल्लं म्हणे

आज सकाळी आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एकीने फोटो टाकला. गाझातली तंबूतली शाळा. वाळूवर ताडपत्री, त्यावर दाटीवाटीने बसलेली पोरं, मांडीवर वह्या. तिने वर एक शब्द लिहिला नव्हता, फक्त हात जोडल्याची खूण. तर आमचा एक वर्गमित्र, चांगला शिकलेला, स्वतः दोन मुलांचा बाप, लिहितो काय, "सापाची पिल्लं आहेत ती, मोठी झाल्यावर कळेल." आणि त्यावर चौघांचे हसरे इमोजी. हसरे!

मी तिथे काही बोलले नाही कारण बोलले असते तर इतक्या वर्षांची ओळख तिथल्या तिथे तुटली असती. इथे लिहितेय कारण इथे आपली माणसं आहेत, मूल म्हणजे मूल हे तुम्हाला पटवून द्यावं लागणार नाही.

आम्ही शारजात होतो तेव्हाची गोष्ट, 2009-10 असेल. खालच्या मजल्यावर एक पॅलेस्टिनी कुटुंब होतं. त्यांची आजी गाझातल्या खान युनिसहून मुलाकडे उपचारासाठी आली आणि रफाहचं, म्हणजे गाझा-इजिप्त सीमेवरचं, फाटक बंद म्हणून इकडेच अडकून पडली. सगळी बिल्डिंग तिला तेता म्हणायची, त्यांच्यात आजीला तेताच म्हणतात. मार्चमध्ये आमच्या इंडियन शाळांच्या परीक्षा संपल्या की ही बाई सुनेला दुभाषी म्हणून सोबत घेऊन दारोदार फिरायची. मागायची काय, तर पोरांच्या संपलेल्या वह्या. आणि मग आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून त्यातली कोरी पानं काढायची, सारखी करायची, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवायची.

आता ज्यांचं लहानपण माझ्यासारखं गेलंय त्यांना पुढचं काय सांगू. आमची आई मे महिन्यात नेमकं हेच करायची, वर कालनिर्णयच्या पानाचं कव्हर. रफ वही! मला त्या बाईची भाषा येत नव्हती पण तिच्या हातात काय चाललंय ते पहिल्या मिनिटाला कळलं. मी पण बसले दाभण घेऊन. तिची शिवण माझ्यापेक्षा पक्की होती हेही सांगते.

या वह्या जायच्या गाझाला. कुणी कैरोमार्गे जाणारा सापडला आणि फाटक उघडलं तर त्याच्या बॅगेत कपड्यांखाली. कारण 2007 मध्ये हमासने गाझा ताब्यात घेतल्यापासून आत काय जाऊ द्यायचं ते इस्रायल ठरवत होतं, आणि अडवलेल्या मालात काय होतं माहितेय का? वह्या. पेन-पेन्सिली. ए-फोर कागद. खेळणी, जॅम, चॉकलेट. धणे, जिरं, वेलची, आलं!! इस्रायलमधलीच गिशा नावाची संस्था आहे, तिने ही यादी जगापुढे आणली, म्हणजे शत्रूने रचलेली कहाणी नाही ही. धण्याने रणगाडा कसा उडवतात हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. (हो, इजिप्तनेही त्यांच्या बाजूचं फाटक बंदच ठेवलं होतं, ते काही संत नाहीत.) पुढे 2010 मध्ये त्या गाझाला मदत घेऊन निघालेल्या तुर्की जहाजावर इस्रायली सैनिकांनी माणसं मारली, जगभर बोंब झाली, तेव्हा कुठे यादी सैल झाली. आणि तो कॅलरीचा कागद! 2008 मध्ये इस्रायलच्या संरक्षण खात्यात बसून कुणीतरी हिशोब केला होता की गाझातल्या माणसाला सरासरी रोज 2,279 कॅलरी पुरतात. ते म्हणतात नुसता मसुदा होता, वापरला नाही. असेल बाबा. पण वयावार, बाई-पुरुषावार, पोराबाळांसकट तो तक्ता कुणीतरी बसून केला ना?

असो. तर वह्या. एक दिवस तेताची सून हसत वर आली, लॅपटॉप घेऊन. खान युनिसहून नणंदेने फोटो पाठवला होता, ती तिकडे यूएनच्या, म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी असलेल्या यूएनआरडब्ल्यूए या संस्थेच्या शाळेत शिकवायची. आमच्या लेकीच्या वहीतलं एक पान चुकून आत शिवलं गेलं होतं, त्यावर तिचा अर्धवट सोडलेला भागाकार. नेहमीप्रमाणे कंटाळा आला असणार कार्टीला. तर तिकडे तेताच्या तिसरीतल्या नातवाने तो भागाकार खाली पूर्ण करून ठेवला होता. उत्तर बरोबर. तेताने तो फोटो सगळ्या बिल्डिंगला दाखवला.

हे ते सापाचं पिल्लू.

"मग हमासला निवडून कुणी दिलं?" हा पुढचा मेसेज येणारच, म्हणून आत्ताच. संसदेची शेवटची निवडणूक 2006 च्या जानेवारीत झाली. त्या ताडपत्रीवरच्या एकाही पोराचा तेव्हा जन्म झाला नव्हता. गाझात निम्मी वस्ती अठराच्या आतली आहे, त्यांनी कधी मतदानाचं यंत्र काय, पेटी पण पाहिलेली नाही.

आणि हो, 7 ऑक्टोबर 2023. हमासने केलं ते राक्षसी होतं. बाराशेच्या आसपास माणसं मारली, त्यात मुलं होती, अडीचशे लोक ओढून नेले, त्यात नऊ महिन्यांचं एक बाळ होतं आणि ते परत आलं शवपेटीत. हे म्हणायला मला जड जात नाही आणि कुणाचं सर्टिफिकेटही नको. पण त्या बाळाचा हिशोब दुसऱ्या बाळांकडून चुकता करायचा हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलं? आपण एकाच शाळेत होतो ना रे? एकाच बाई होत्या ना आपल्याला?

सप्टेंबर 2024 मध्ये गाझाच्या आरोग्य खात्याने मेलेल्यांची नावं वयानुसार लावून यादी दिली. पहिली चौदा पानं फक्त वर्षाच्या आतल्या बाळांची. वयाच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. तेव्हाची ही गोष्ट, नंतर किती वाढली ते सोडाच. त्यावर आमच्याकडचे लोक म्हणतात आकडे हमासचे आहेत. बरं, अर्धे खोटे धरा. सात पानं शून्यांची चालतील का तुम्हाला?

मला राग येतोय आणि रागात मी भलतंच लिहीन म्हणून थोडं दुसरं सांगते. 2011 च्या जुलैमध्ये गाझाच्या समुद्रकिनाऱ्यावर मुलांनी एकाच वेळी बारा हजारांच्या वर पतंग उडवले, गिनीजचा विक्रम केला. यूएनचं उन्हाळी शिबिर होतं. तेता छाती फुगवून सांगायची, आमचा नातूपण होता त्यात. असेल नसेल, आजीच ती. ही तीच गाझा जिथे त्या वेळीसुद्धा बहुतेक घरं मदतीच्या पिठावर चालायची, विहिरीचं पाणी खारट, शाळा दोन पाळ्यांत, म्हणजे सकाळची पोरं उठली की त्याच बाकांवर दुपारची. आणि तरी पतंग. तरी भागाकार. गरिबीत शिक्षणाचा हा असला हट्ट आपण आपल्या आज्या-आजोबांत पाहिलाय, त्याचे आपण गोडवे गातो, दिव्याखाली अभ्यास वगैरे. मग हे का दिसत नाही?

इनबॉक्समध्ये एका काकांचा मेसेज आलाच आहे मघाशी, मी थोडं अर्धवट पोस्ट केलं होतं त्यावर. "अगं, आधी आपल्या मेळघाटातली पोरं बघ." काका, मेळघाटाचं खरं आहे, शंभर टक्के, इतकी वर्षं तिथे कुपोषणाने मुलं जातात ही आपल्या सगळ्यांच्या तोंडात मारणारी गोष्ट आहे. पण मेळघाट तुम्हाला फक्त गाझाचं नाव निघालं की आठवतो. एरवी वर्षभरात एकदा तरी मेळघाटावर काही बोललात? शिवाय आपला संबंधच नाही असंही नाही. 13 मे 2024 ला रफाहमध्ये यूएनच्या गाडीवर हल्ला झाला त्यात कर्नल वैभव काळे गेले, आपल्या सैन्यातून निवृत्त होऊन यूएनमध्ये गेलेले, अंत्यसंस्कार इथे पुण्यात झाले. ते तिथे जगातल्या सगळ्यात वाईट जागी कामाला गेले होते, आणि आपण इथे एसीत बसून इमोजी.

वेस्ट बँकेवर, म्हणजे पॅलेस्टिनींच्या दुसऱ्या भागावर, लिहीत नाही फार, तिथे तर हमासचं राज्य पण नाही. तरी तिथे दगड मारला म्हणून बारा वर्षांच्या पोराला लष्करी कोर्टात उभं करता येतं, आणि पलीकडच्या टेकडीवरच्या सेटलरच्या, म्हणजे तिथे वस्ती करून राहिलेल्या इस्रायलींच्या, पोराला साधा नागरी कायदा. पॅलेस्टिनी सरकारचा कराचा पैसा इस्रायलने अडवला की शिक्षकांना पगार अर्धामुर्धा, म्हणून शाळा आठवड्यातून काही दिवसच. यूएनआरडब्ल्यूएचे काही कर्मचारी 7 ऑक्टोबरमध्ये सामील असावेत म्हणून काढले गेले, ठीक, काढायलाच हवेत. पण त्यासाठी पूर्व जेरुसलेममधल्या पोरांच्या शाळांना टाळं? 2025 च्या मे महिन्यात लावलं.

तेता राहिली नाही आता. ती परत गेली होती, फाटक उघडल्यावर, आम्ही पुण्याला यायच्या आधीच. सुनेचा अधूनमधून मेसेज असतो. तो भागाकारवाला नातू मोठा झाला, लग्न झालं, युद्धातच मुलगी झाली, तंबूत. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिकडे पंचवीस वर्षांनी पहिला पोलिओ सापडला, दहा महिन्यांच्या बाळाला, गटाराचं पाणी तंबूंमधून वाहणार तर दुसरं काय होणार. सप्टेंबरमध्ये काही तास बॉम्ब थांबवून साडेपाच लाखांवर पोरांना डोस पाजले. सुनेने त्या चिमुरडीचा फोटो पाठवला, बोटाला शाईची खूण, अगदी आपल्या पल्स पोलिओसारखी. डोससाठी काही तास बंदुका थांबवता येतात हे त्या वेळी सगळ्या जगाने पाहिलं. म्हणजे थांबवता येत होत्या. रोज.

पुढच्या वर्षी मार्च ते मे जवळजवळ अकरा आठवडे आत काहीच जाऊ दिलं नाही, पीठ नाही, बाळांची दुधाची पावडर नाही. ऑगस्टमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. दुष्काळ! ट्रक सीमेवर उभे असताना. आपण बहात्तरचा दुष्काळ ऐकलेली माणसं आहोत, त्याला निदान पाऊस कारण होता.

10 ऑक्टोबर 2025 पासून युद्धबंदी आहे म्हणतात. त्यानंतरही मुलं मेलीच, काही हल्ल्यात, काही तंबूत गारठून.

आता मला काय म्हणायचंय ते. आजच्या काळात एका जागी इतक्या मुलांचे हातपाय तुटलेली दुसरी जागा नाही, असं यूएनचे लोकच सांगतात. कितीतरी ऑपरेशनं भूल न देता झाली. आणि लहान मुलाला एकदा पाय बसवून भागत नाही, मूल वाढतं, पाय तोकडा पडतो, परत माप, परत नवा, हाड वाढलं की कधी परत ऑपरेशन. म्हणजे अठरा वर्षांचं होईपर्यंत हे चालूच. इजिप्त, अमिरात, कतार, इटलीने काही मुलं उपचाराला नेली. आपल्याकडे जयपूर फूट आहे, जगभर त्याचं नाव आहे. आपलं सरकार यूएनआरडब्ल्यूएला वर्षाला 50 लाख डॉलर देत आलंय, चांगलंच आहे, पण जून 2025 मध्ये यूएनमध्ये युद्धबंदीच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो ते मला अजून गिळलेलं नाही. निदान थोडी मुलं, त्यांच्या आयांसकट, इथे आणून पाय बसवून द्यायला काय हरकत आहे? तेवढी हॉस्पिटलं पुण्या-मुंबईत आहेत. राजकारण करायचं ते मोठ्यांनी करा.

परराष्ट्र खात्यात, एखाद्या हॉस्पिटलच्या ट्रस्टवर किंवा जयपूर फूटवाल्यांकडे कुणाची ओळख असेल तर मला इनबॉक्स करा, मी खरंच पत्र लिहायला घेतलंय आणि ते कुणाच्या नावे पाठवायचं हे कळत नाहीये. आणि "आधी आपली मुलं" असं कमेंटीत लिहायला येणार असाल तर वर मेळघाटाचं लिहिलंय ते वाचा, आणि येताना तिकडे पाठवलेल्या पैशाची पावती घेऊन या.