तिरपा स्वल्पविराम

संशोधन करायचं ठरवलंय ना? मग आधी संदर्भसूची करा. संशोधन मागाहून होईल, नाही झालं तरी फारसं कुणाला कळणार नाही. स्वल्पविराम मात्र कळतो. एपीए या संदर्भ लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत नियतकालिकाचं नाव तिरपं, म्हणजे इटॅलिक, खंड क्रमांक तिरपा, त्या दोघांमधला स्वल्पविरामसुद्धा तिरपा, आणि त्याला चिकटून कंसात येणारा अंक क्रमांक मात्र ताठ. बडोद्यात कुठंही गेलात तरी ‘चालशे’ म्हटल्यावर बरंच काही चालून जातं. इथं नाही चालत. आमच्याच प्राच्यविद्या मंदिरानं 1960 ते 1975 या काळात रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. त्यासाठी पंडितमंडळी हस्तलिखितं समोर मांडून एकेका अक्षराचा पाठ ठरवत बसली. टेम्पलेट नव्हतं बिचाऱ्यांकडे.

देवनागरीला तिरपेपणाची सवय नाही, हा मुद्दा संपादकांकडे काढू नका. संगणक अक्षरांना ढकलतोच. उत्तरायणाच्या वाऱ्यात गच्चीवर उभी असल्यासारखी दिसतात, एवढंच.

पद्धत कोणती घ्यायची, याचा विचार करून डोकं शिणवू नका. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कोठारात दहा हजारांहून अधिक पद्धती आहेत. तुम्हाला हवी ती सोडून बाकी सगळ्या मिळतील. ‘हार्वर्ड पद्धत वापरा’ असं कुणी म्हटलं तर मान डोलवा आणि पुस्तक मागू नका. हार्वर्ड पद्धतीचं अधिकृत असं पुस्तकच नाही, प्रत्येक विद्यापीठाची हार्वर्ड वेगळी. तिचा उगम एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या 1881 सालच्या लेखात सांगतात, आणि तो लेख होता बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यावर. पानाच्या तळाशी बसणारी टीप उचलून त्यानं मजकुराच्या मधोमध कंसात ठेवली. गोगलगाय नि पोटात पाय, ही म्हण इतकी तंतोतंत दुसरीकडे कुठं लागू पडलेली मला माहीत नाही.

आता नावाकडे या. इथं गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला खास सवलत आहे. शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या कार्डापर्यंत आपलं नाव कसं लिहिलेलं असतं? आधी आडनाव, मग स्वतःचं, शेवटी वडिलांचं. तेच इमानदारीनं लेखावर लिहा. सबमिशनचं यंत्र शेवटचा शब्द आडनाव समजतं, आणि तुमचा लेख जगभर वडिलांच्या नावानं नोंदला जातो. तुम्ही उरता दोन आद्याक्षरांपुरते. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षं दांडिया बाजारातल्या दुकानात हिशेब लिहिला, ते एका रात्रीत प्रथिनांच्या रचनेवरचे तज्ज्ञ होतात. लग्न झालेल्या बाईंच्या कागदावर शेवटी नवऱ्याचं नाव. पाच वर्षं प्रयोगशाळेत ती, सायटेशन (इतरांच्या लेखात येणारा उल्लेख) त्याला. त्यानं आयुष्यात एकदा टेस्ट ट्यूब हातात धरलीय, तीही बारावीच्या प्रॅक्टिकलला, आणि फोडलीय. दुरुस्तीसाठी पत्र पाठवलंत तर उत्तर येईल, ‘लेखकानं स्वतः विनंती करावी.’ म्हणजे त्यानं.

जुनी मराठी पुस्तकं संदर्भ म्हणून देणार असाल तर आणखी बहार. मुखपृष्ठावर शके 1832 असेल तर बेधडक 1832 टाका. चार आकडी साल मागतात, आपण चार आकडी देतो. सयाजीराव महाराजांचा जन्म 1863 चा. त्यांच्या राज्यातल्या ग्रंथालय चळवळीवरचं पुस्तक तुमच्या सूचीत त्यांच्या जन्माआधी 31 वर्षं छापून तयार असेल. द्रष्टा राजा म्हणतात तो असा. दुसऱ्या पुस्तकावर विक्रम संवत 1966 असेल तर तेही तसंच ठेवा, म्हणजे 1910 चा मजकूर संस्थान विलीन होऊन सतरा वर्षं झाल्यावर निघेल. रिव्ह्यूअर म्हणेल, ‘संदर्भ अद्ययावत आहेत.’

प्रकाशनस्थळाचा एक छान वाद होता आपल्याकडे. बडोदे लिहायचं, बडोदा की वडोदरा? त्यावर घरोघरी चहा गार व्हायचा. 2019 साली एपीएच्या सातव्या आवृत्तीनं प्रकाशनाचं गाव लिहायचंच काढून टाकलं आणि वाद मिटवला. तुमचे सर अजून सहाव्या आवृत्तीवर आहेत, ही गोष्ट वेगळी. त्यांना सांगू नका. ते म्हणतील, ‘मी केली तेव्हा पीएचडी सहावीवरच झाली.’

मूळ लेख वाचायचे की नाही, हे विचारायला तुम्ही लाजत असाल. लाजू नका. 2003 साली सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी हिशेब मांडला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के लोक मूळ लेख वाचतात. कसं कळलं? चुकांवरून. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचा पान क्रमांक कुणीतरी चुकीचा छापला आणि 78 जागी तीच चूक तशीच उतरली. तेव्हा दुसऱ्याच्या सूचीतून उचलताना निदान एक आकडा स्वतःचा घाला. मौलिकता म्हणतात ती हीच.

लेख मुळात अस्तित्वात असायलाच हवा, असंही नाही. एल्सव्हिअर या नियतकालिकं काढणाऱ्या बड्या प्रकाशकाच्या, लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक संदर्भ दिलेला असे: तीन लेखक, विषय वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला, साल 2000, खंड 163, पानं 51 ते 59. लेख काल्पनिक, नियतकालिकही काल्पनिक. लोकांनी टेम्पलेट भरताना स्वतःचे संदर्भ घातले आणि नमुना पुसायला विसरले. 2017 साली ॲन-विल हार्झिंग या प्राध्यापिकेनं हा घोळ उजेडात आणला, तोवर त्या नसलेल्या लेखाला जवळजवळ चारशे सायटेशन झाले होते. माझे, असलेल्या लेखाचे, तीन आहेत. त्यातले दोन माझेच.

त्या चारशे ठिकाणी स्वल्पविराम बहुधा बरोबरच असणार. नमुन्यातच बरोबर होता ना.

सगळं करून लेख पाठवलात की अकराव्या दिवशी मेल येईल: विषय आमच्या कक्षेत बसत नाही. दुसरं नियतकालिक गाठा. त्यांना व्हँकुव्हर पद्धत हवी असेल, म्हणजे कंस काढा, आकडे घाला, सूची वर्णानुक्रमाऐवजी मजकुरात येईल त्या क्रमानं लावा, सहा लेखकांनंतर ‘आणि इतर’ करा. सातवे लेखक तुमचे सर असतील तर थोडं थांबून विचार करा. तिसरं नियतकालिक पुन्हा एपीए मागेल. जुनी फाइल डिलीट केली असेल, तर ती ‘फायनल’ नावाची होती. ‘फायनल फायनल’ शोधा.

या खटपटीत चौथ्या महिन्यात घरी एक इंग्रजी मेल येईल, वडिलांच्या नावानं, आदरणीय डॉक्टर वगैरे. आपल्या प्रथिनांवरील थोर कार्यानं आम्ही भारावलो आहोत, दुबईच्या परिषदेत बीजभाषण करावं. बाबा चष्मा पुसून तो दोनदा वाचतील आणि स्वयंपाकघरात डोकावून एवढंच विचारतील, ‘जायचं का? जेवण धरून आहे की वेगळं?’