खेळाच्या तासाला किती पोरं हलतात?

पोरांची वजनं वाढताहेत आणि त्यावर शाळेतला खेळाचा तास हा उपाय सांगितला जातो. वर्गात ४० पोरं, तास ३५ मिनिटांचा आणि खेळ खो-खो. हिशेब मांडून बघा. वर्गातून मैदानात येऊन रांग धरायला ५ मिनिटं. हजेरीला ३. 'मी ह्याच्या टीममध्ये नाही' या भांडणात ५. शेवटी हातपाय धुऊन वर्गात परतायला २. उरली २०. आता पाठलाग करणाऱ्या ९ जणांपैकी ८ पाटीवर बसलेले, एक पळतोय. समोरच्या संघाचे एका वेळी तिघं आत. म्हणजे कुठल्याही क्षणी पळणारी पोरं चार. २० गुणिले ४, भागिले ४०. एका पोराच्या वाट्याला पळणं आलं २ मिनिटं, तेही सरासरीनं. चपळ पोरगा ६ मिनिटं पळतो. ज्याचं वजन वाढलंय म्हणून हा सगळा खटाटोप, तो पहिल्या झटक्यात बाद होतो आणि कडेला उभा राहून टाळ्या वाजवतो.

खो-खोवर राग नाही. आपल्या मातीतला खेळ आहे आणि संघ घडवायला त्याला तोड नाही. पण संघ घडवणं वेगळं आणि अख्खा वर्ग घामाघूम करणं वेगळं. क्रिकेटचं तर बोलायलाच नको, तिथं दोघं खेळतात आणि बाकीचे चेंडू आपल्याकडं येऊ नये म्हणून देवाला हात जोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी, की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. मध्यम म्हणजे किती? पोराला बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. यंत्र लागत नाही. आमच्या सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या विटा, कराड, विश्रामबाग अशा ठिकाणचा इंग्रजी माध्यमाचा पोरगा दारातून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून बाकावर आणि बाकावरून क्लासला जातो. त्याच्या दिवसातले हे ६० मिनिट शाळेत नाही झाले तर कुठंच होत नाहीत. देशपातळीवर ५ वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.१ टक्क्यांवरून (२०१५-१६) ३.४ वर (२०१९-२१) गेलंय. आकडा लहान दिसतो, पण हीच पोरं आता प्राथमिक शाळेच्या बाकावर येऊन बसलीत.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेतून खेळसाहित्याला प्राथमिक शाळेला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्यात मैदान आहे, खेळसाहित्य आहे. २९ ऑगस्ट २०१९ ला केंद्राची फिट इंडिया मोहीम सुरू झाली, त्यात शाळांना झेंडा आणि तारांकनं आहेत. माझी तक्रार एवढीच, की या सगळ्यात साहित्य मोजलं जातं, प्रमाणपत्रं मोजली जातात, मिनिटं कुणी मोजत नाही.

अनुदानाचं काय होतं ते बघा. पैसे बऱ्याचदा वर्ष सरता सरता येतात. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवून विनियोग प्रमाणपत्र द्यायचं असतं. मग पुरवठादाराकडून तयार संच येतो: दोन कॅरम, चार बुद्धिबळं, एक बॅट, एक फुटबॉल. पंप नाही, सुई नाही. फुटबॉल जूनपर्यंत चपटा. वर मुख्याध्यापकांची अडचण अशी, की वस्तू एकदा डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम टिकणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढली की हरवली तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून ती कपाटात आणि किल्ली सरांच्या खिशात. कपाटातला चेंडू कधी हरवत नाही, ऑडिट एकदम स्वच्छ.

१०,००० रुपयांत ४० पोरांचा वर्ग पूर्ण हलवता येतो. उड्या मारायच्या दोऱ्या ४०, प्रत्येकी ६० च्या आसपास, म्हणजे २,४००. बशीसारखे प्लॅस्टिकचे मार्कर ५०, साधारण ६५०. रबरी चेंडू १२, धरा १,४४०. रस्सीखेचीचा जाड दोर १,५००. स्टॉपवॉच दोन, ६००. पंप आणि सुया ४००. आखणीचा चुना ५००. प्रथमोपचार पेटी भरायला ५००. झाले ७,९९०. भाव दुकानागणिक बदलतील, पण उरलेले दोन हजार खर्चून टाकू नका. डिसेंबरात निम्म्या दोऱ्या तुटणार आहेत, ते पैसे त्यासाठी. दोऱ्या आणि चेंडू खपणाऱ्या वस्तूंच्या वहीत लिहा, म्हणजे तुटल्या तर तुटल्या. जाळीच्या पिशवीत घालून वर्गातच खुंटीला टांगा.

दोरीत एक गोम आहे. पुरवठादार सगळ्यांना एकाच मापाची पाठवतो, ९ फुटी, मोठ्या माणसाची. चौथीतलं पोर तिच्यात अडकून पडतं, चार वेळा पडलं की बाजूला जाऊन बसतं आणि सर म्हणतात, ह्याला जमत नाही. माप साधं आहे: दोरीच्या मध्यावर पाय ठेवायचा आणि मुठी वर ओढायच्या, त्या काखेपर्यंत आल्या पाहिजेत. जास्त असेल तर मुठीपाशी गाठ मारा. मुरमावर सुती दोरी महिन्यात झिजते, मण्यांची प्लॅस्टिकची घ्या.

आता तास. मार्कर ठेवून पाच ठाणी करा, प्रत्येक ठाण्यावर ८ पोरं. दोरी, लंगडी, चेंडू फेकून पळत आणणं, पायरीवर चढ-उतार, रस्सीखेच. ४० सेकंद काम, २० सेकंदांत पुढच्या ठाण्यावर. पाच ठाण्यांच्या तीन फेऱ्या म्हणजे १५ मिनिटं, त्यात प्रत्येक पोर १० मिनिटं खरंखुरं हलतं. मघाच्या दोनाचे दहा झाले, तेही त्याच मैदानावर आणि त्याच सरांसोबत. शेवटची ५ मिनिटं साखळी खेळा. हात धरून पकडापकडी, त्यात बाद होऊन कडेला बसणं नाही, बाद झालेला साखळीत जोडला जातो. ज्या खेळात बाद झालेला बसतो, त्यात सगळ्यात जास्त बसतो तो ज्याला सगळ्यात जास्त पळायला हवं तो. ही चूक नियमातच आहे, पोराचा दोष नाही.

वजनदार पोराबद्दल थोडं सविस्तर, कारण गाडी इथंच घसरते. त्याला सगळ्यांसोबत ६०० मीटर पळायला लावलं तर तो शेवटी येतो, अख्खा वर्ग बघत असतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं पोट दुखतं. शर्यत लावू नका. १५ मिनिटं ठरवा, ज्याला जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या, चालत किंवा पळत. मागचा कोण हे कळतच नाही, कारण सगळे गोलात असतात. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका शाळेनं २०१२ मध्ये हेच सुरू केलं, रोज १५ मिनिटं, गणवेशातच, काही साहित्य नाही. रस्सीखेच, गोळाफेक, कुस्तीचे डाव यांत मात्र त्याचं वजन कामाला येतं, तिथं त्याला पुढं आणा. उड्यांची संख्या आधी कमी ठेवा, गुडघ्यांवर भार येतो. आणि शिक्षा म्हणून उठाबशा, शिक्षा म्हणून मैदानाला पाच फेऱ्या हे बंद करा. पळणं म्हणजे शिक्षा असं आपणच सहा वर्षं शिकवायचं आणि सातव्या वर्षी फिटनेस सप्ताह साजरा करायचा?

मोजमापाचाही सावळा गोंधळ आहे. केंद्राच्या खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्यांत चौथीपासून पुढं ५० मीटर धाव आणि ६०० मीटर धाव आहे. ज्या शाळेचं मैदान ३० बाय २०, तिथं कर्णसुद्धा ३६ मीटरच भरतो. मग ५० मीटरचा आकडा कुठून येतो, ते न विचारलेलं बरं. ६०० मात्र जमतं, परिमिती १०० मीटर, सहा फेऱ्या. उंची मोजताना टेप फरशीपासून न लावता भिंतीच्या तळाच्या पट्टीच्या वरून लावतात किंवा बूट काढायला सांगत नाहीत. ३२ किलोचं पोर १३० सेंटिमीटर असेल तर बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १८.९ येतो, १३२ लिहिलं की १८.४. आणि जास्त वजन ठरवायचे मोठ्या माणसांचे २३-२५ चे आकडे पोरांना लावू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वयानुसार तक्ते आहेत, ते बघायचे. वजन वर्गासमोर मोठ्यानं वाचणं तर निव्वळ गुन्हा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच, मोजमाप त्यांनी करावं, शिक्षकांनी मिनिटं वाढवावीत.

मैदानाचं सांगतो. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटते आणि एप्रिलमध्ये पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. ३० बाय २० चं मैदान, त्यावर १० सेंटिमीटर दबलेला मुरूम म्हणजे ६० घनमीटर. सुटा मुरूम दबून बसतो, म्हणून ७५ धरा, साधारण २६-२७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). थेट काळ्या मातीवर टाकला तर दोन पावसाळ्यांत मातीच्या पोटात जातो. आधी वरची अर्धा फूट माती काढा, रोलर फिरवा, मग दोन थरांत मुरूम, पाणी मारून पुन्हा रोलर. १०० मीटरला १ मीटर एवढा उतार आणि कडेला चर. काम मे महिन्यात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची क्रीडांगण विकासाची योजना आहे, पण ग्रामपंचायतीनं ठरवलं तर हे काम गावातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरही उरकतं.

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणमध्ये ५०० च्या आसपास. दोन्हीकडं एकच परिपत्रक जातं. महाबळेश्वर-पाटणकडच्या शाळेला जून ते सप्टेंबर व्हरांडाच मैदान, तिथं पायरी, दोरी, जागच्या जागी धावणं. माण, आटपाडी, जतला मार्चनंतर सकाळची शाळा, खेळाचा तास पहिला घ्यायचा, अकराला नाही. आणि कुठंही खिचडीनंतर लगेच नाही. जतच्या वस्तीवरचं पोर सकाळी चहा-बटर खाऊन आलेलं असतं, त्याला आधी खाऊ घालावं लागेल. लठ्ठपणाचा कार्यक्रम म्हणून त्याला जास्त पळवणं हा उफराटा न्याय झाला.

शिक्षकाशिवाय हे काहीच होणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं अंशकालीन शारीरिक शिक्षण निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर. आपल्या दोनशिक्षकी वाड्यावस्त्यांच्या शाळांना तो कुठून मिळणार? माझं मत स्पष्ट आहे: शाळांच्या प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटाला, एक फिरता क्रीडाशिक्षक द्या. रोज दोन शाळा, आठवड्याला बारा. त्या दिवशी तो तास घेईल आणि उरलेले दिवस वर्गशिक्षकांनी परिपाठानंतर १५ मिनिटं घ्यायची.

सातवीनंतर मुली गळतात, त्याचं कारण आळस नाही. ओढणी, स्कर्ट, बंद पडलेलं स्वच्छतागृह आणि कंपाउंडवर बसलेली टोळकी. खेळाच्या दिवशी ट्रॅकपँट चालेल, एवढा एक ठराव शाळा व्यवस्थापन समिती आज करू शकते.

एक कडू गोष्ट मात्र कबूल करायला हवी. ३० किलोचं पोर २० मिनिटं पळालं तर जळतात ७० कॅलरीच्या आसपास. एका वडापावात त्याच्या कितीतरी पट असतात. शाळेतल्या व्यायामानं दम वाढतो, झोप सुधारते, पण नुसत्या व्यायामानं बीएमआय फारसा हलत नाही, असंच जगभरच्या अभ्यासांचे आढावे सांगतात. म्हणून गेटवरच्या पाच रुपयांच्या पुड्यांकडंही बघा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. टेप घेऊन मोजा, किती टपऱ्या बसतात ते.

पैलवान खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिंपिक पदक गोळेश्वरचं, धावपटू ललिता बाबर मोहीची, क्रिकेटपटू स्मृती मानधना सांगलीची, तिरंदाज आदिती स्वामी साताऱ्याची. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांना पदकांची कमी नाही, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. फ्लेक्सखालून व्हॅन जाते, त्यातल्या पोरांचं बघा.

पुढच्या आठवड्यात पोराच्या शाळेत खेळाचा तास कधी आहे ते विचारा आणि कंपाउंडपाशी उभे राहा. चार पोरं निवडा: एक चपळ, एक वजनदार, एक मुलगी, एक कुणीही. दर २० सेकंदाला पाळीपाळीनं एकाकडं बघायचं, हलत असेल तर वहीत फुली, उभं किंवा बसलेलं असेल तर शून्य. ३५ मिनिटांत १०५ खुणा होतात. निम्म्या फुल्या आल्या तर शाळा चांगली. वजनदार पोराच्या फुल्या वेगळ्या मोजा आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा.