जागा राखा, आलोच!

"ही माझी जागा आहे. इथे पिशवी कुणी ठेवली?"

भर सज्ज्यात एका स्कॉटिश आजोबांनी मला असा जाब विचारला. पिशवी मीच ठेवली होती. का, तर जाताना तेच बजावून गेले होते, "जरा जागा राखा, आलोच." आले ते पाऊण तासाने, आणि चारचौघांत मलाच उपरा ठरवून मोकळे झाले. अजून आठवले की कान तापतात.

स्थळ एडिनबर्ग, माउंडच्या चढावरचा असेंब्ली हॉल. चर्च ऑफ स्कॉटलंडची महासभा इथे दर मे महिन्यात भरते. खाली पाळक आणि एल्डर (मंडळीतले वडीलधारे) असे प्रतिनिधी, समोर क्लार्कांचे टेबल, वरच्या खुर्चीत एका वर्षापुरता निवडलेला मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष. बिशप हा प्रकार नाहीच. राजाचा प्रतिनिधी येतो, पण त्याचीही रवानगी सज्ज्यात. त्याची वाटही वेगळी, कारण सभेच्या फरशीवर राजसत्तेला जागा नाही. राजाची ही गत, तर आमच्या लाकडी बाकाची तक्रार कोण ऐकणार? पाठ इतकी ताठ की या चर्चचा कडक शिस्तीचा आद्यगुरू कॅल्व्हिन थेट मणक्यातून चढतो. त्यात एका भाषणावर मी टाळ्या वाजवल्या, तर आजोबांनी डोळे वटारले. पसंती पाय आपटून दाखवायची, ही इथली जुनी रीत.

त्यांच्या मांडीवर अहवालांचा जाडजूड ग्रंथ होता, इथे सगळे त्याला ब्लू बुक म्हणतात. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. मला वाटले, निष्ठावंत सभासद. छे! आजोबा फ्री चर्चचे, म्हणजे याच घरातून फुटून निघालेल्यांपैकी. त्यांची महासभा त्याच आठवड्यात, हाकेच्या अंतरावर, जॉन्स्टन टेरेसवर. भावकीचे काय काय चुकते हे बघायला ते इकडे येत, आणि मधूनच उठून आपल्या लोकांचे काय चुकते हे बघायला तिकडे जात.

"कुठले तुम्ही?"

"मुंबईचा."

"म्हणजे विल्सन आमचा."

"जॉन विल्सन? गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजचे?"

"कॉलेज राहू द्या. आधी १८४३!"

आणि आजोबा सुरू झाले. गावाचा पाळक जमीनदाराने नेमायचा की मंडळीने, हा झगडा. १८ मे १८४३ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये मॉडरेटरने निषेध वाचला, राणीच्या प्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि दरवाजा गाठला. मागोमाग रांग. उतारावरून कॅननमिल्सला जाऊन त्यांनी आपले फ्री चर्च थाटले. ४७४ पाळकांनी पगार आणि घरे सोडली. हिंदुस्थानातले झाडून सगळे स्कॉटिश मिशनरी त्यांच्या बाजूने गेले, विल्सनही. त्यांच्या शाळेची इमारत जुन्या चर्चच्या मालकीची, ती सोडावी लागली. हेच विल्सन १८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे मॉडरेटर झाले. आजोबा हे असे सांगत होते, जणू सामान हलवायला स्वतः गिरगावात हजर होते.

"हा हॉलसुद्धा आम्हीच बांधला, १८५९ साली!" त्यांनी बाकावर थाप मारली. तेव्हा कुठे पिशवीचे प्रकरण मला उमगले. त्यांचा दावा एका बाकावर नव्हता, अख्ख्या हॉलवर होता.

दावा अगदीच पोकळ नाही. १९०० साली फ्री चर्चचा बहुसंख्य गट दुसऱ्या एका चर्चशी एक झाला. मूठभर लोक म्हणाले, मूळ आम्हीच. प्रकरण लॉर्डांच्या सभागृहात, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टात गेले आणि १९०४ मध्ये सगळी मालमत्ता त्या मूठभरांना मिळाली! सांभाळणार कशी? शेवटी १९०५ चा कायदा करून वाटणी झाली. पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचे हे वाद रोज वाचणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि ही पहिली फूट नव्हेच. १७३३ मध्ये एक गट फुटला. १७४७ मध्ये तोच गट शहरातल्या नागरी हक्कांसाठी घ्यायच्या शपथेवरून दुभंगला. पुढे त्या दोन्ही तुकड्यांचेही नवे-जुने झाले. हिशेब ठेवायला कागद लागतो.

खाली तोवर ठरावाचे एक कलम अडकले होते. पद्धत अशी. समितीचा निमंत्रक अहवाल आणि ठरावाची कलमे मांडतो, अनुमोदन मिळते, प्रश्न होतात, मग चर्चा. उपसूचना लेखी द्यायची. उपसूचनेने कलम दुरुस्त होते, तर पर्यायी ठराव त्याला हटवून जागा बळकावतो. मैदानात दोनांहून अधिक ठराव असले आणि कुणालाच बहुमत नसले, तर सर्वांत कमी मतांचा गळतो आणि पुन्हा मतदान. घोळ होतो तो उपसूचनेपाशी. मूळ कलमावर राग असलेला माणूस त्याच रागात उपसूचनाही पाडतो, आणि जे मवाळ करता आले असते ते जसेच्या तसे कडक मंजूर होते. समितीला 'आदेश द्यावा' की 'आग्रह करावा' यावरही घटकाभर खल चालतो. हरलात, तर लगेच उठून असहमती नोंदवायची. तुमचा रुसवा इतिवृत्तात कायमचा.

मोठ्या बदलांना १६९७ चा बॅरियर ॲक्ट आडवा येतो. महासभेला लहर आली म्हणून कायदा बदलत नाही, प्रस्ताव आधी प्रेस्बिटरींकडे, म्हणजे विभागीय सभांकडे पाठवायचा आणि बहुमत मिळाले तरच पुढे. २००९ मध्ये समलिंगी पाळकाची नेमणूक ३२६ विरुद्ध २६७ मतांनी टिकली. समलिंगी विवाह लावण्याची मुभा पाळकांना मिळायला २०२२ उजाडले. आधी प्रेस्बिटरी २९ विरुद्ध १२, मग महासभा २७४ विरुद्ध १३६. उगाच उशीर लावला असे मला वाटत नाही. इतक्या वेळा फुटलेल्या घराने दाराला अडसर घालावाच. पण १९५० च्या दशकात या चर्चचे तेरा लाख सभासद होते, आता तीन लाखही नाहीत. अडसर भक्कम आहे, घरात माणसे उरली नाहीत. 'आदेश' की 'आग्रह' हे ऐकताना मला हसू येईना, चीड आली.

आजोबांनी थर्मासातला चहा ओतला. स्वतःपुरता.

"तुमच्याकडे फूट पडली की काय करता?"

"कोर्टात जातो."

"मग?"

"तारीख पडते."

"आमचा निकाल चार वर्षांत लागला," असे म्हणून त्यांनी समाधानाने दोनदा पाय आपटला आणि मला पुन्हा जागा राखायला सांगून ते जॉन्स्टन टेरेसकडे निघून गेले.