जितकी कडू तितकी अस्सल? पेल एलच्या नावाखाली फिरणारे सहा नियम

क्राफ्ट बिअरची ओळख करून देणारा एक मजकूर या ना त्या रूपात सतत फॉरवर्ड होत असतो. मथळा बदलतो, आतले नियम तेच. पेल एल या फिकट रंगाच्या बिअरचा आयबीयू, म्हणजे कडवटपणाचा आकडा, जितका मोठा, तितकी ती अस्सल. गढूळ दिसली की बिघडली. वर फेस आला की ग्लास कमी भरला. प्यायची तर बर्फगार. बाटली जितकी जुनी, तितकी मुरलेली. आणि एवढं सांगून झाल्यावर शेवटी: बिअरचं परीक्षण वगैरे थोतांड आहे, लेबल झाकलं की तज्ज्ञांनाही काही कळत नाही, आवड ज्याची त्याची. शेवटचा नियम खरा असेल तर आधीचे पाच कशाला सांगितले, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. पेल एलमध्ये माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि पाणी यांचं एकमेकांशी कसं जमलंय, ते चाखून ठरवायचं असतं. हे नियम मात्र न चाखताच निकाल लावायला शिकवतात.

"आयबीयू जितका मोठा, तितकी अस्सल"

हा नियम सगळ्यांत शास्त्रीय वाटतो, कारण त्यात आकडा आहे. पण तो आकडा मोजतो काय? हॉप्समधली अल्फा आम्लं उकळताना रूप बदलतात आणि आयसो-अल्फा आम्लं तयार होतात. बिअरचा मुख्य कडवटपणा त्यांचा. 1 आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे 1 मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल. प्रयोगशाळेत बिअरमध्ये थोडं आम्ल घालून ती आयसोऑक्टेनबरोबर घुसळतात, त्या द्रावकात जे उतरतं ते 275 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतं हे बघतात आणि आलेल्या वाचनाला 50 ने गुणतात. झाला आयबीयू. यंत्राला जीभ नाही. त्या तरंगलांबीचा प्रकाश शोषणारं जे काही द्रावकात आलं, ते त्याच्या लेखी कडूच.

क्राफ्ट पेल एलच्या बाबतीत घोळ आणखी वाढतो, कारण तिच्यात बहुतेकदा ड्राय हॉपिंग केलेलं असतं, म्हणजे उकळण्याचं काम संपल्यानंतर, फर्मेंटेशनच्या टप्प्यात हॉप्स टाकलेले असतात. तेव्हा न बदललेली अल्फा आम्लंही बिअरमध्ये उतरतात. ती जिभेला फारशी कडू लागत नाहीत, पण आकड्यात धरली जातात. ह्युम्युलिनोन नावाची संयुगंही येतात. त्यांचा कडवटपणा आयसो-अल्फा आम्लांच्या साधारण दोन-तृतीयांश. उलट, आधीच तयार झालेली काही आयसो-अल्फा आम्लं हॉप्सच्या चोथ्याला चिकटून निघून जातात. शिवाय अनेक छोट्या ब्रूअरींमध्ये हा आकडा मोजलेला नसतोच. हॉप्सचं वजन, त्यातल्या अल्फा आम्लाचं प्रमाण आणि उकळण्याचा वेळ सूत्रात घालून तो काढलेला असतो.

बरं, आकडा अगदी अचूक आहे असं धरू. तरी कडू किती लागणार हे माल्टचा गोडवा सोबत किती आहे यावर अवलंबून. फर्मेंटेशनआधीची घनता (ती विरघळलेल्या साखरेने वाढते) 1.050 आणि आयबीयू 40 असेल, तर 40 ला घनतेतल्या दशांश चिन्हानंतरच्या 50 ने भागून गुणोत्तर 0.8 येतं. घनता 1.090 आणि आयबीयू 60 असेल, तर ते 0.67. दुसऱ्या बिअरचा आकडा दीडपट, आणि जिभेला बहुधा तीच कमी कडू वाटणार. नुसत्या आयबीयूवरून पेल एलची प्रत ठरवणं म्हणजे गायकाने पट्टी कोणती धरली यावरून गाणं रंगलं की नाही ते सांगणं.

इतिहासही या नियमाच्या बाजूने नाही. अमेरिकी पेल एल म्हटल्यावर जिचं नाव आधी घेतलं जातं ती सिएरा नेवाडा पेल एल कॅलिफोर्नियातल्या चिको इथे 1980 मध्ये पहिल्यांदा बनली, 1972 मध्ये आलेल्या कॅस्केड या हॉप्सच्या जोरावर. तिचा आयबीयू 38 सांगितला जातो. परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बीजेसीपी या संस्थेची शैलीनिहाय मार्गदर्शिका अमेरिकी पेल एलला 30 ते 50 आयबीयूची मर्यादा देते, बेल्जियन पेल एलला तर 20 ते 30 चीच. फॉरवर्डचा नियम लावला तर जिच्यावरून हा प्रकार ओळखला जातो, तीच बिअर नापास.

कडवटपणा किती, यापेक्षा तो कसा आहे हे बघण्यात परीक्षकाचा खरा वेळ जातो. घोट घेतल्यावर तो कधी जाणवतो, माल्टची चव दाबून टाकतो की तिच्या मागून येतो, गिळल्यावर स्वच्छ संपतो की घशाशी खरखरत राहतो? यात पाण्याचाही हात असतो. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर कडवटपणा कोरडा आणि धारदार लागतो, क्लोराइड जास्त असेल तर बिअर गोलसर, भरीव वाटते. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पेल एलचं नाव झालं त्यात तिथल्या जिप्समयुक्त विहिरींचा वाटा मोठा होता. हे काही आयबीयूच्या आकड्यात दिसत नाही.

"गढूळ म्हणजे बिघडलेली"

कधीकधी, हो. पण आधी कारण बघावं लागतं. थंड केल्यावर प्रथिनं आणि पॉलिफेनॉल एकत्र येऊन बिअर धूसर होते. ती कोमट झाली की हा धूसरपणा बऱ्याचदा आपोआप जातो. ड्राय हॉपिंगमुळे येणारा धूसरपणा वेगळा, तळाचं यीस्ट ओतण्यात आलं तर तो वेगळा, आणि जंतुसंसर्गाचा आणखी वेगळा. संसर्गाची शंका घ्यायची तर नको तिथे आंबट वास येतो का, उघडताच बाटली उसळून वाहते का, हे तपासावं. नुसत्या नजरेने निदान होत नाही.

काही बिअर तर गढूळ असण्यासाठीच बनवतात. ब्रूअर्स असोसिएशन या अमेरिकी ब्रूअरींच्या संघटनेने 2018 मध्ये आपल्या शैलींच्या यादीत धूसर पेल एलला स्वतंत्र जागा दिली. म्हणजे प्रश्न असा विचारायचा की ब्रूअरने कोणती बिअर म्हणून ही समोर ठेवली आहे? नितळ पेल एल म्हणून आलेली बिअर गढूळ असेल तर गुण जरूर कापा. पण किती? बीजेसीपीच्या 50 गुणांच्या पत्रकात वासाला 12, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10 आणि दिसण्याला फक्त 3 गुण आहेत. त्या तिनांत रंग आणि फेसही आले.

फेसाचं लगेच उरकतो. मापात पाप होतंय अशी तक्रार असेल तर ती ग्राहकाची तक्रार आहे, आणि योग्यच आहे. तिचा बिअरच्या प्रतीशी संबंध नाही. फेस माल्टमधल्या प्रथिनांनी उभा राहतो आणि हॉप्सच्या आयसो-अल्फा आम्लांनी टिकतो. बुडबुडे फुटतात तसा हॉप्सचा वास वर येतो. दोन बोटं फेस टिकून राहिला आणि घोटागणिक काचेवर त्याची जाळी उरली, तर ते चांगलं लक्षण. फेस झटकन बसला तर बिअरला बोल लावण्याआधी ग्लास बघा: तेलकटपणा किंवा साबणाचा अंश फेस मारतो. आणि ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही.

"बर्फगार असली तरच चव लागते"

हे बरोबर उलटं आहे. वास नाकापर्यंत पोचायचा तर त्याचे रेणू द्रवातून उडावे लागतात, आणि ते थंडीत कमी उडतात. ज्याला आपण पेल एलची चव म्हणतो, ग्रेपफ्रूट, संत्र्याची साल, पाइनची राळ, फुलं, त्यातलं बहुतेक सगळं तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढलेला वास असतो. जिभेला स्वतःहून कडू, गोड, आंबट, खारट आणि उमामी एवढंच कळतं. साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअसला पेल एल बोलू लागते. फारच थंड आली तर परीक्षक ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसतात.

थंडीत दोषही लपतात, आणि मला वाटतं या नियमाच्या लोकप्रियतेचं तेच खरं कारण आहे. गोठणबिंदूच्या आसपास ठेवलेल्या दोन बिअरपैकी बरी कोणती, हे सांगणं कठीणच. तहान भागवायला बर्फगार बिअर प्यायला कुणाची ना नाही. फक्त तिच्यावरून निकाल देऊ नये.

"जितकी जुनी, तितकी मुरलेली"

हा नियम थेट नुकसान करतो. बार्लीवाइनसारख्या जास्त अल्कोहोलच्या, माल्टप्रधान बिअरला वय शोभतं. पेल एलची गंमत हॉप्सच्या वासात आहे, आणि तोच आधी जातो. काही भाग ऑक्सिजन खातो, मायर्सिनसारखे काही तैलांश झाकणाच्या आतलं अस्तर शोषून घेतं. मग ट्रान्स-2-नोनेनालमुळे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, माल्टचा गोडवा मधासारखा चिकट होतो, रंग गडद होतो. उष्णता हे सगळं वेगाने घडवते. म्हणून बाटलीवर बघायचीच असेल तर भरल्याची तारीख बघा; आयबीयूपेक्षा ती बरंच जास्त सांगते.

प्रकाशाचं तर आणखी वाईट. बिअरमधलं रायबोफ्लेविन प्रकाश शोषतं, त्यातून आयसो-अल्फा आम्लं तुटतात आणि एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास स्कंक या प्राण्याच्या फवाऱ्याशी जुळणारा, आणि तो लिटरमागे काही नॅनोग्रॅम असला तरी जाणवतो. तपकिरी काच बराचसा घातक प्रकाश अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळपास नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही.

"लेबल झाकलं की तज्ज्ञही उघडे पडतात"

या दाव्यात तथ्य आहे, म्हणून तो हसण्यावारी नेणार नाही. त्याच्या पुष्टीसाठी दिली जाणारी उदाहरणं खरी आहेत, फक्त ती वाइनची आहेत. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगात पांढऱ्या वाइनला वासहीन लाल रंग दिला, तर 54 चाखणाऱ्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेचा अभ्यास मांडला. परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली होती, आणि तिन्ही वेळा तिला एकाच पदकाच्या पट्ट्यात ठेवणारे साधारण दहात एकच निघाले.

यातून काय सिद्ध होतं? डोळे नाकाला फसवतात, आणि एका माणसाने दिलेला एक आकडा भरवशाचा नसतो. दोन्ही मान्य. 50 पैकी 41 आणि 43 मधला फरक मलाही कधी पटलेला नाही. पण यावर उपाय म्हणूनच परीक्षणाचे नियम बनलेत: ग्लासवर नाव नसून क्रमांक असतो, प्रत्येक परीक्षक आधी स्वतःचं पत्रक लिहितो आणि मगच दुसऱ्याशी बोलतो, गुणांत मोठी तफावत आली तर दोघं पुन्हा चाखतात.

मुख्य म्हणजे, पदक देणं आणि दोष ओळखणं ही वेगवेगळी कामं आहेत. डायअ‍ॅसिटिल असेल तर लोण्याचा वास येतो, अ‍ॅसिटाल्डिहाइड असेल तर कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, डायमिथाइल सल्फाइड असेल तर उकडलेल्या मक्याचा. ही मोजता येणारी रसायनं आहेत, आणि नाकाचा कौल यंत्राशी ताडून पाहता येतो. ब्रूअरीत पेल एल पुढच्या टप्प्यावर न्यायची की नाही हे ठरवताना थोडी बिअर 60 अंशांच्या वर तापवून, थंड करून, न तापवलेल्या बिअरशेजारी हुंगतात. तापवलेल्या भांड्यातून लोणी दरवळलं तर डायअ‍ॅसिटिलचा पूर्वपदार्थ अजून शिल्लक आहे आणि यीस्टला आणखी दिवस द्यायला हवेत. थोतांडावर कुणी आपली टाकी अडवून ठेवत नाही.

काहींना डायअ‍ॅसिटिल अजिबात कळत नाही, कडूपणाची जाणीवही माणसागणिक बदलते. म्हणून पॅनेलमध्ये अनेक जण असतात आणि चांगल्या परीक्षकाला आपलं नाक कुठे आंधळं आहे हे ठाऊक असतं. "मला आवडली" हे कुणीच खोडू शकत नाही, खोडायचं कारणही नाही. "हिच्यात लोण्याचा वास आहे" हे विधान मात्र चूक किंवा बरोबर ठरू शकतं.

गंमत अशी की लेबल झाकून चाखण्याची एक काटेकोर पद्धत बिअरवाल्यांनीच घडवली. तीन ग्लासांतून वेगळा कोणता ते ओळखायची त्रिकोणी चाचणी 1940 च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत चाखणारे निवडण्यासाठी वापरली गेली. ती घरीही करता येते. एकाच बाटलीतली पेल एल दोन पारदर्शक ग्लासांत ओता. एक ग्लास काही मिनिटं कडक उन्हात ठेवा, दुसरा तितकाच वेळ अंधारात, मग दोन्ही सारख्या तापमानाला आणा. दुसऱ्या कुणाला तरी त्यातून तीन सारखे छोटे ग्लास भरू द्या, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कोणता ते ओळखा. अशा सहा फेऱ्या करा, दर वेळी क्रम बदलून, मध्ये पाण्याचा घोट घेऊन. नुसत्या अंदाजाने सहांपैकी किमान पाच वेळा बरोबर येण्याची शक्यता 729 मध्ये 13 आहे, शंभरात दोनपेक्षाही कमी. ओळखता आलं नाही तर तो निष्कर्ष त्या दोन ग्लासांपुरता आणि तुमच्या नाकापुरता धरा, आणि पुढच्या सहा फेऱ्या दुसऱ्या कुणाला करायला सांगा.