येते हं!

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी आईचं हळदीकुंकू होतं. "दरवर्षी नेमक्या किती जणी येतात, काही कळत नाही बाई," ती सहज म्हणाली आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तो वर्षातून एकदाच जागा होतो, पण मग घरात कुणाला झोपू देत नाही.

पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून आर्दुइनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), अल्ट्रासॉनिक सेन्सर, चार आकडी डिस्प्ले आणि मूठभर जंपर वायरी आणल्या. सेन्सर म्हणजे दोन वटारलेले डोळे. एक ४० किलोहर्ट्झची, आपल्याला ऐकू न येणारी हाक मारतो, दुसरा तिचा प्रतिध्वनी टिपतो. हाक जाऊन परत यायला लागलेल्या मायक्रोसेकंदांना ५८ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. दाराची पलीकडची चौकट ९० सेंटिमीटरवर. अंतर ७०च्या आत आलं की समजायचं, एक बाई आली. बस्स!

सकाळी बाबा दूध घ्यायला दारात गेले. सुट्ट्या पैशांवरून जरा बोलाचाली झाली. तेवढ्या दहा सेकंदांत बाबांच्या दीडशेवर बायका झाल्या. सेन्सर सेकंदाला सोळा वेळा बघत होता आणि दर वेळी नव्याने मोजत होता. मग प्रोग्रॅममध्ये घातलं, की समोरचं माणूस हलून दार मोकळं झाल्याशिवाय पुढचा आकडा नाही.

तर आता दारात कुणी नसतानाही आकडा वाढायला लागला! ब्रेडबोर्डचा, म्हणजे वायरी खोचायच्या भोकाभोकांच्या पट्टीचा, लूज कॉन्टॅक्ट समजून रात्री एकपर्यंत वायरी उपटल्या, पुन्हा खोचल्या. भानगड वेगळीच निघाली. प्रतिध्वनी आलाच नाही, तर हातात शून्य पडतं. आणि शून्य ७०पेक्षा कमीच. म्हणजे जी बाई नाहीच, ती यंत्राच्या मते अगदी नाकाला नाक लावून उभी!

"डोळे वटारून काय बघतंय रे ते मेलं?" आईने विचारलं. मी तिला झेंडूचं तोरण जरा बाजूला हलवायला लावलं; एक माळ सेन्सरसमोर डुलत होती.

शुक्रवारी सगळं सुरळीत चाललं, बायका निघेपर्यंत. मराठी बाईच्या निरोपाचा मी विचारच केला नव्हता. "येते हं" म्हणून समोरच्या काकूंनी चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या. गुळाच्या पोळीतलं सारण बाहेर का येतं, हे सांगायला एक पाऊल आत. "चला, उशीर झाला," म्हणत एक पाऊल बाहेर. सुनेबद्दल हळू आवाजात काही, म्हणून पुन्हा आत. एकट्या काकूंच्या अकरा जणी झाल्या. जोडीने आलेल्या दोघी मात्र मिळून एकच.

रात्री डिस्प्लेवर २१२.

आईने पिशवीत डोकावून पाहिलं. "चाळीस वाट्या आणल्या होत्या, नऊ उरल्यात. एकतीस जणी आल्या." आणि ती भांडी घासायला गेली.

मी वायर काढायला हात पुढे केला. २१३.