रेनकोट घालून सायकल? मामा, आधी तो उतरव!

‘40 दिवसांत 12 किलो कमी, फक्त सायकलने’ हा मेसेज माझ्याकडे चार ग्रुपमधून आला. चारही वेळा दुर्लक्ष केलं. रविवारी नाशिकहून मामीचा फोन आला. मामा गंगापूर धरणाच्या रस्त्यावर भोवळ येऊन खाली बसला होता. अंगात रेनकोट, पोटात अन्न नाही, पाणीही नाही. भर मार्चात! वय 58, साखरेच्या गोळ्या चालू. त्याने तोच मेसेज मनावर घेतला होता. आता मात्र गप्प बसवत नाही, त्या मेसेजची एकेक ओळ घेते.

‘रेनकोट घाला, घाम म्हणजे वितळलेली चरबी.’ हे ज्याने लिहिलं त्याला धरणावर नेऊन उन्हात बसवायला हवं. घाम म्हणजे पाणी आणि मीठ. लिटरभर घाम गेला की काटा किलोभर कमी दाखवतो आणि पाणी प्यायलं की पुन्हा तिथेच. घामाचं काम अंग गार ठेवण्याचं. तो वाळूच दिला नाही तर अंग तापतच जातं. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजातले तीन पैलवान असेच गेले. वजनगटात बसायचं म्हणून पाणी तोडलेलं, अंगात हवा न जाणारे सूट, गरम जागेत कसरत, आणि त्यात व्यायामाची सायकलसुद्धा. तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने फेब्रुवारी 1998 मध्ये तिघांचाही अहवाल छापला. वयं 19 ते 22. आमचा मामा 58 चा आहे हो!

‘उपाशीपोटीच चालवा.’ त्या तासात चरबी जरा जास्त वापरली जाते, हे मान्य. पण वजन ठरतं ते दिवसभराच्या खाण्यावर. आणि साखरेच्या काही गोळ्यांवर रिकाम्या पोटी पायडल मारत राहिलं तर साखर एकदम उतरते. हे डॉक्टरांना विचारायचं की ग्रुपला?

‘तासाला 1000 कॅलरी जळतात.’ 70 किलोचा माणूस ताशी 16 किलोमीटरच्या आत रमतगमत गेला तर साधारण 280. त्यातल्या 70 खुर्चीत बसूनही गेल्याच असत्या. हजार जाळायच्या तर तासभर 30 च्या वरचा वेग धरावा लागेल. मामाला तर चढावर उतरून सायकल ढकलावी लागते.

‘मग हवं ते खा.’ आता नाशिकची सायकल रविवारी कुठे थांबते ते सांगायला नको. उरलेल्या 210 कॅलरी म्हणजे जेमतेम 23 ग्रॅम तेल. तेवढं मिसळीच्या तर्रीवरच तरंगत असतं. पाव, फरसाण, जिलबी अजून मोजलीच नाही.

‘गुडघ्यांना त्रास कमी.’ हे बरोबर आहे. एवढं एकच लिहिलं असतं तर मीही पुढे पाठवलं असतं.

रेनकोट माळ्यावर गेलाय, सायकलला बाटली लागलीय. मिसळीवर मामीची बोलणी चालू आहेत. मामा एका पावापर्यंत उतरलाय, जिलबी सोडायला मात्र तयार नाही.